देवयानीचा फोटो, दोन फळ्या आणि एक बिजागरी

दीर्घिकेचा फोटो म्हणजे वेधशाळेतल्या मोठ्या शास्त्रज्ञांचे काम, असे आपण धरून चालतो. परंतु देवयानी दीर्घिकेचे सर्पिल वळसे जगाला प्रथम दाखविले ते आयझॅक रॉबर्ट्स या हौशी माणसाने, १८८८ साली. लिव्हरपूलला बांधकामाच्या धंद्यात उमेदवारी करून तो पुढे कंत्राटदार झाला होता. त्याची दुर्बीण २० इंची होती. आज तेवढीही लागत नाही, कारण फोटोची काच जाऊन त्याहून कितीतरी तीक्ष्ण नजरेचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा आला आहे.

देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तरी आकाशात तिची लांबी सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी भरते! म्हणजे ती लहान नाही, अंधुक आहे. तिला मोठे करून पाहायचे नसून तिचा उजेड थेंब थेंब साठवायचा आहे. अडचण एकच : पृथ्वी फिरते. पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ कॅमेरा उघडा ठेवला की तारे रेघोट्यांसारखे ओढले जातात.

यावर तोड आपल्या वस्तीतला कोणताही सुतार किंवा फिटर काढू शकेल. दोन फळ्या बिजागरीने जोडाव्यात. बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर ६ मिलिमीटरचा साधा आट्यांचा बोल्ट बसवावा. त्याच्या एका फेऱ्याला वरची फळी तेथे १ मिलिमीटर उचलली जाते. बिजागरीची रेघ ध्रुवताऱ्याकडे रोखून मिनिटाला एक फेरा दिला, की फळी पृथ्वीच्या गतीने उलट फिरते. वरच्या फळीवर, कोणत्याही दिशेला वळणाऱ्या डोक्यावर कॅमेरा बसवावा. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडचा जुना डीएसएलआर चालतो. दर १५ सेकंदांना पाव फेरा द्यायचे काम घड्याळ घेऊन मुलीला द्या. मोठ्या माणसांचे लक्ष गप्पांत जाते.

मिनिटामिनिटाचे चाळीस-पन्नास फोटो घेऊन संगणकावर एकमेकांवर चढवावे लागतात. त्यासाठी ‘डीप स्काय स्टॅकर’ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाने तिरकी धरलेली ताटली दिसेल, मधोमध उजळ. काळे धुळीचे पट्टे हवे असतील तर १३५ किंवा २०० चे भिंग लागते. पण मग बिजागरीत जराही खेळ चालत नाही.

१९३० च्या जंगल सत्याग्रहाच्या चिरनेरहून हे करायचे तर नोव्हेंबरची अमावास्या बघावी. महिन्याच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास देवयानी जवळजवळ डोक्यावर, थोडी उत्तरेला येते. वायव्येला बंदराचे दिवे, उत्तरेला पनवेल-नवी मुंबईचा उजेड. त्यामुळे ती खाली उतरली की फोटो पांढरट होतो. ध्रुवतारा तर क्षितिजापासून १९ अंशांवर, त्याच उजेडात असतो. तो आधी नीट हेरून ठेवावा. दवाने भिंग ओले होते, म्हणून त्याला पुठ्ठ्याची नळी घालावी.

आकाशाची ओळखच नसेल त्यांच्यासाठी मुंबईचे खगोल मंडळ अनेक वर्षांपासून वांगणीला आकाशदर्शनाच्या रात्री भरवीत आले आहे. वांगणीला लोकलने जाता येते.