तिकोनी रोटरचा फेरा

जानेवारी 2025 मध्ये द्वारकेच्या यशोभूमीत गाड्यांच्या सुट्या भागांचं प्रदर्शन भरलं होतं. घराजवळच, म्हणून गेलो. बॅटऱ्या आणि चार्जर बघताना मला आठवत होतं ते आमच्या नगरचं एक इंजिन. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागायचंय.

नगरची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आणि बंगळूरच्या एनएएल व एडीई या विमान संशोधन संस्थांनी मिळून एक वांकेल, म्हणजेच रोटरी, इंजिन घडवलं. 5 एप्रिल 2009 रोजी कोलारजवळ ‘निशांत’ हे मानवरहित विमान त्यावर उडालं. शक्ती 55 अश्वशक्ती, वजन अवघं 30 किलोच्या आसपास. इंजिनाचा गाभा आणि सिलिंडरच्या आतला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप एनएएलचा. इग्निशन आणि इंधनयंत्रणा नगरची.

या इंजिनात पिस्टनची खालीवर उठबस नाही, तिकोनी रोटर गरगरतो. त्यामुळे थरथर कमी, जागाही कमी. पण चाकांना जोडलं की त्याची खोड कळते. रोटरच्या टोकांवरचे सील झिजतात, ऑइल जळतं, लांबट पोकळीत पेट्रोल पुरतं जळत नाही. 1967 साली आलेल्या आरओ 80 मोटारीची इंजिनं बदलून देता देता जर्मनीची एनएसयू कंपनी मेटाकुटीला आली. मझदाने मात्र हट्ट सोडला नाही. 1991 मध्ये ल माँची चोवीस तासांची शर्यत रोटरी इंजिनावर जिंकली. तरीही 2012 मध्ये आरएक्स-8 ही रोटरी इंजिनाची गाडी बंद करावीच लागली.

मग शहाणपण सुचलं: चाकं विजेच्या मोटरने फिरवा, रोटरीला फक्त वीज करू द्या. वेग सारखा बदलायचा नाही, चढावर कण्हायचं नाही. ऑडीने 2010 मध्ये ए1 ई-ट्रॉनच्या नमुन्यात 254 सीसीचं इंजिन कायम मिनिटाला 5000 फेऱ्यांवर ठेवलं. ती गाडी बाजारात आलीच नाही. 2023 मध्ये मझदाची एमएक्स-30 आर-ईव्ही आली: 830 सीसीचा एकच रोटर, 17.8 किलोवॅट-तासांची बॅटरी, एका चार्जमध्ये 85 किलोमीटर, शिवाय 50 लिटरची टाकी. माझ्या मते हा अर्धाच विजय. जागा वाचली, पण बॅटरी उतरल्यावर पेट्रोलची तहान जुनीच.

मझदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे द्वारकेच्या रस्त्यावर हे इंजिन दिसायचं नाही. व्हीआरडीईच्या मंडळींनी आपलंच इंजिन जनित्र म्हणून एखाद्या छोट्या टेम्पोत बसवून पाहावं, एवढीच या नगरकराची विनंती.