माळवदाचा भार आणि छताचा सांगाडा : लातूर परिसराच्या संदर्भात

हिमवर्षावाच्या प्रदेशात छताचा सांगाडा बर्फाचा भार गृहीत धरून उभारतात. मुरुड व लातूर परिसरात बर्फ पडत नाही. तथापि पारंपरिक माळवदावर मातीचा भार बारमाही असतो. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १,६०० किलो धरल्यास अर्धा मीटर जाडीच्या थराचा भार प्रतिचौरस मीटर ८०० किलो होतो. हा थर उन्हापासून संरक्षण देतो. मात्र छत जितके जड, तितका भूकंपाचा आडवा धक्का मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडी भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. लाकडी खांब-तुळयांनी स्वतंत्रपणे पेललेली छते मात्र अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही टिकली. म्हणून जुने घर वा गोठा दुरुस्त करताना मातीचा थर कमी करणे आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके आधार देणे अत्यावश्यक ठरते.