इलेक्ट्रॉनिक साहित्य : संज्ञेची व्याप्ती

महाड तालुक्यातील नाते या गावी १८९६ साली जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठी पद्यानुवाद केला. त्या पुस्तकाची पाने टिपून संगणकाच्या पडद्यावर आणली, तर तो अनुवाद इलेक्ट्रॉनिक साहित्य ठरेल काय? रूढ व्याख्येनुसार ठरणार नाही. पडद्यावरील मजकूर पुन्हा कागदावर उतरविला, तरी कृतीत काहीच उणे होत नाही. संगणकाच्या क्षमतांवर जिची रचनाच आधारलेली आहे, अशा कृतीला ही संज्ञा लावावी, असा १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'इलेक्ट्रॉनिक लिटरेचर ऑर्गनायझेशन'च्या व्याख्येचा रोख आहे. मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून' (१९८७) ही कथा या जातीची होय. वाचक जो शब्द निवडील, त्यानुसार तीत पुढील मजकूर समोर येतो.

खेळांचा प्रश्न अधिक बिकट आहे. एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात संहितेत साठविलेल्या शब्दमालिका आणि वाचकापुढे प्रत्यक्ष प्रकटणाऱ्या शब्दमालिका यांत भेद केला. छापील कादंबरीत हा भेद सहसा जाणवत नाही. १९७६ च्या सुमारास विल्यम क्राउदर यांनी रचलेल्या गुहासंचाराच्या खेळात मात्र तो उघड होतो : खेळणारा आज्ञा टंकितो आणि तीनुसार वर्णन उमटते. आपल्याकडील मोक्षपटातही पडलेल्या दानानुसार घरांतील मजकुराचा क्रम बदलतो. अर्थात मोक्षपट इलेक्ट्रॉनिक नव्हे. परंतु वाचनक्रमाची ही अस्थिरता संगणकाने निर्माण केली, हा समज त्याच्यापुढे टिकत नाही. ज्या खेळात भाषा केवळ सूचनेपुरती येते, तो या कक्षेबाहेर ठेवणेच इष्ट.

चाहत्यांनी रचलेल्या कृतींविषयी व्याख्या तोकडी पडते. आवडत्या कथेतील पात्रे घेऊन लिहिलेली सरळ गद्यकथा कागदावरही तशीच राहते. म्हणून काटेकोर कसोटीने ती वगळावी लागते. परंतु तिला येणारी उत्तरे, पाठभेद व पुरवण्या यांचे जाळे छापता येत नाही. ज्ञानेश्वरीत अशाच प्रकारे वाचकांच्या ओव्या शिरल्या होत्या आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. तेथे पाठ निश्चित करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होते. येथे भर हीच अभ्यासवस्तू आहे. मूळ खेळाची आज्ञावलीच चाहत्याने बदलली असेल, तर ती कृती निःसंशय याच साहित्यात मोडते.

हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. २०२० च्या डिसेंबरअखेर 'फ्लॅश' या प्रणालीचा आधार काढून घेण्यात आला, तेव्हा तीवर रचलेल्या कविता आणि खेळ पडद्यावरून नाहीसे झाले. त्यांपैकी काही 'रफल' या अनुकारी प्रणालीच्या साहाय्याने पुन्हा वाचता येऊ लागले. संग्रहालय काय जपावयाचे ते व्याख्येवरून ठरविते. जे व्याख्येबाहेर राहिले, त्याची प्रत बहुधा कोणीच ठेवीत नाही.