सारस पक्षी आणि आमच्या वावरातली टिटवी

गुरुजींनी वर्गाच्या भिंतीवर सहा फुटांवर खडूने खूण केली. म्हणाले, "मोठा सारस जवळजवळ एवढा उंच असतो." मी टाचा उंच केल्या, तरी माझा हात पुरला नाही.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच पक्षी आहे. तो क्रौंच जातीचा आहे. अंग राखाडी, डोके व मान लाल. नर-मादी जोडीने राहतात. पावसाळ्यात पाण्यात गवत-काड्यांचा ढीग करून मादी बहुधा दोन अंडी घालते. दोघे आळीपाळीने महिनाभर ती उबवतात.

आपल्या सटाण्याकडे सारस नाहीत. महाराष्ट्रात ते मुख्यतः गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत आहेत. नकाशात ते जिल्हे अगदी पूर्वेच्या टोकाला दिसतात. तिकडे भातशेती आणि तलाव खूप. पण पाणथळ जागा कमी झाल्या, पिकांवर विषारी औषधे आली, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. म्हणून सारस फारच थोडे उरले.

मग तिथली सेवा संस्था, वनखाते आणि शेतकरी यांनी मिळून काम सुरू केले. भाताच्या बांधीत घरटे दिसले की त्यावर लक्ष ठेवतात. दरवर्षी सारस मोजतात. अजून ते थोडेच आहेत, पण जपले तर वाढतात. अमेरिकेत १९४१ साली व्हूपिंग क्रेन नावाचे क्रौंच पंचवीससुद्धा उरले नव्हते. आता रानात पाचशेच्या वर आहेत.

ही गोष्ट मी घरी सांगितली. मागच्या वर्षी आमच्या वावरात टिटवीची अंडी ट्रॅक्टरखाली फुटली होती. कुणाला दिसलीच नाहीत. टिटवी दिवसभर ओरडत होती. मला जेवण गेले नाही. यंदा उन्हाळ कांदा काढल्यावर पुन्हा चार अंडी दिसली. वडिलांनी भोवती चार काठ्या रोवल्या. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तेवढी जागा. मागून नांगरू." काही दिवसांनी पिल्ले निघाली आणि आईमागे तुरुतुरु पळाली.

पालकांनो, नांगरताना टिटवी डोक्यावर ओरडत फिरू लागली, तर जरा थांबून खाली बघा. आणि मुलांनो, अंडी दिसली तर हात लावू नका, घरी सांगा.

— इयत्ता ४ थी