दाखला आधी, शिकवणी मागून

सरकारी जाहिरातीत लिपिक-टंकलेखक पदाखाली एक अट ठरलेली असते: मराठी टंकलेखन मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40 शब्द, तेही प्रमाणपत्रासह. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावांत टायपिंग इन्स्टिट्यूट जगल्या त्या या अटीवर. डोणगाव-जानेफळकडून येणारी पोरं एसटी बघून तास गाठणार, तेव्हा बॅचही एसटीच्या टायमानेच लावायची.

परीक्षा घेणारी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्याला. पेपर काढणं आणि निकाल लावणं एवढंच तिचं काम. शिकवायचं मान्यताप्राप्त खाजगी संस्थांनी. आणि शिकवणं सोपं नव्हतं. मराठी यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. ‘दिवस’ म्हणताना तोंडात ‘द’ आधी येतो, बोटाला मात्र वेलांटी आधी. ‘ख’ काढायचा तर अर्धा ‘ख’ मारून पुढे काना जोडायचा. नजर कागदावरून हलता कामा नये. महिनाभर बोटं रडतात, मग एक दिवस आपसूक पळू लागतात. सात मिनिटांचा स्पीड पॅसेज त्यानंतरचा.

2001 मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने एमकेसीएल ही कंपनी उभी राहिली आणि गणित बदललं. एमएस-सीआयटी हा तिचा संगणक साक्षरतेचा कोर्स. त्याचा अभ्यासक्रम, पुस्तक, ‘एरा’ नावाचं सॉफ्टवेअर, अंतर्गत गुण, सगळं कंपनीचं. प्रमाणपत्र तेवढं राज्य तंत्रशिक्षण मंडळाचं. गावातल्या सेंटरवाल्याकडे जागा, संगणक, विजेचं बिल आणि पोरं गोळा करायची दगदग. सरकारी नोकरीत हा दाखला लागू लागला, तशी नोकरदार माणसंही संध्याकाळच्या बॅचला येऊन बसली. पुढे कंपनीने ‘क्लिक’ नावाने टॅली, डीटीपी असे कोर्सही काढले. एमएस-सीआयटीला सरकारी अटीचा टेकू होता, तसा यांना नाही. ते शिकून काम मिळालं तरच चालणार. मला तरी हे जास्त प्रामाणिक वाटतं.

परिषदही जागची हलली. 2017 मध्ये टंकयंत्रावरची परीक्षा संपली. आता संगणक टंकलेखनात ईमेल, पत्र, तक्ता आणि वस्तुनिष्ठ प्रश्नही असतात, म्हणजे टायपिंगच्या सरांना संगणकही शिकवावा लागतो. बऱ्याच ठिकाणी टायपिंग आणि एमएस-सीआयटी एकाच खोलीत, एकाच मालकाकडे चालतात. फळीवरच्या जुन्या गोदरेज टंकयंत्राला गिऱ्हाईक नाही आणि भंगारात घालायला मालकाचा जीव होत नाही.

एवढं करून नोकरीच्या दारात उमेदवार पुन्हा की-बोर्डसमोरच. लिपिक-टंकलेखक पदासाठी लोकसेवा आयोग आता स्वतःची टंकलेखन कौशल्य चाचणी घेतो. परिषदेचं प्रमाणपत्र हातात असलं तरी ती चुकत नाही. साहजिकच, त्या चाचणीच्या तयारीचेही क्लास निघाले आहेत.