धर्मग्रामात चालतं काय? कॅथलिक श्रद्धेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

रविवारी सकाळी वसईच्या गावांतून चक्कर मारली, तर चर्चच्या आवारात लाल लुगड्यातल्या आज्या, जीन्समधल्या नाती आणि आतून ऐकू येणारी मराठी गीतं हे दृश्य सहज दिसतं. शेजारच्या आळीतल्या बिगरख्रिस्ती मंडळींना त्याचं नवल नाही. नाताळचा फराळ त्यांच्या घरी पोचतो, गणपतीचे मोदक इकडे येतात. तरीही चर्चच्या दाराआड काय चालतं याबद्दलच्या कल्पना बहुतेक हिंदी सिनेमातून आलेल्या असतात.

या गैरसमजांच्या मुळाशी बहुधा एकच समजूत आहे: चर्चमध्ये काहीतरी दिलं की काहीतरी मिळतं. मेणबत्ती दिली की नवस पुरा, फादरना सांगितलं की पाप साफ, पैसे भरले की मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आपल्या नावाची. चर्चची शिकवण आणि त्याचा लिखित कायदा मात्र नेमक्या याच देवाणघेवाणीला जागोजागी आडवा येतो. यातले काही गैरसमज कॅथलिक घरांतही मुक्कामाला आहेत, हेही इथेच सांगितलेलं बरं.

गैरसमज १ : हे लोक इंग्रजांच्या काळात ख्रिस्ती झाले आणि त्यांची प्रार्थना इंग्रजीत चालते.

वस्तुस्थिती : वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली १५३४ मध्ये आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ मध्ये. इथल्या सामवेदी, वाडवळ आदी समाजांतले ख्रिस्ती या दोनशे वर्षांतले. इंग्रजांचा अमल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. त्या धर्मांतरांमागे मिशनऱ्यांचं काम होतं, तशी सत्तेची सक्ती आणि सवलतींचं आमिषही होतं. पण १७३९ नंतर पोर्तुगीज सत्ता गेली तरी ही कुटुंबं श्रद्धेत राहिली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

भारतात जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे. जपानमध्ये व्यापार करून पुढे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. ते फादर नव्हते, ब्रदर होते. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रूसावर मारण्यात आलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं.

भाषेचं म्हणाल, तर पूर्वी मिस्सा इंग्रजीत नव्हे, लॅटिनमध्ये होत असे, आणि लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये ती जगभर तशीच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषांना दार उघडलं आणि काही वर्षांतच वेदीवर मराठी आली. मात्र शिकवण त्याआधीही लोकांच्या भाषेत होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ चं, आणि कोकणीतलं त्यांचं धर्मशिक्षणाचं पुस्तक १६२२ मध्ये गोव्यात रायतूरला छापलेलं. आजची उदाहरणं घ्यायची तर 'सुवार्ता' मासिक आहे, आणि उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे.

गैरसमज २ : कॅथलिक मरियेला देव मानतात आणि मूर्तींची पूजा करतात.

वस्तुस्थिती : आराधना फक्त देवाची, संतांना आणि मरियेला आदर, ही रेघ इ. स. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेने आखून दिली. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो, असं तिथे ठरलं. रोजच्या प्रार्थनेतही ही रेघ दिसते. देवाकडे भाविक दया मागतो, क्षमा मागतो. मरियेकडे आणि संतांकडे तो एवढंच मागतो, की तुम्ही आमच्यासाठी विनंती करा. वडिलांकडे शब्द टाकायला घरात आजीला पुढे करतात, त्यातला हा प्रकार.

जपमाळेबद्दलही हाच घोटाळा होतो. मण्यांमागून मणी सरकतात, 'नमो मरिया' पुन्हा पुन्हा येतं, म्हणून बघणाऱ्याला तो मरियेचा नामजप वाटतो. प्रत्यक्षात दहा-दहा मण्यांच्या प्रत्येक गटाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग नेमलेला असतो: जन्म, मंदिरात हरवून सापडणं, काट्यांचा मुकुट, पुनरुत्थान. ओठांवर प्रार्थना आणि मनात तो प्रसंग, अशी ही रीत आहे. असे पंधरा प्रसंग होते. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी येशूच्या सार्वजनिक जीवनातले आणखी पाच जोडले. ऑक्टोबरात वाडीतल्या घराघरांत जपमाळ फिरते, तेव्हा प्रसंगाचं नाव घेण्याचा मान बहुधा घरातल्या लहान मुलाला मिळतो.

गैरसमज ३ : मेणबत्ती म्हणजे नवसाची फी, आणि मिस्सा पैसे भरून विकत मिळते.

वस्तुस्थिती : ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते. रस्त्यावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली असतात. पाय दुखत असेल त्याने पाय घ्यावा, घर हवं त्याने घर. विकत घेणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात आणि त्या गर्दीवर चर्चचा आक्षेप नाही. पण अमुक वस्तू वाहिली की अमुक मिळेलच, ही हमी चर्चच्या शिकवणीत नाही. उलट, देवाची कृपा विकत मिळत नाही आणि प्रार्थनेकडे हुकमी तोडगा म्हणून पाहणं ही अंधश्रद्धा आहे, असंच धर्मशिक्षणात शिकवलं जातं.

मिस्साच्या पैशांचा मामला अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. मृत आईच्या नावाने मिस्सा व्हावी म्हणून घरचे चर्चच्या ऑफिसात जाऊन थोडं दान देतात, ही जुनी चाल. १९८३ च्या चर्च-कायद्याने तिला कुंपण घातलंय. रक्कम त्या भागातले बिशप ठरवतात. फादरना त्याहून जास्त मागता येत नाही. ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्यासाठीही मिस्सा करावी, असा फादरना आग्रह आहे. एका दिवशी दोन-तीन मिस्सा केल्या तरी, नाताळचा दिवस सोडला तर, एकाच मिस्साचं दान स्वतःकडे ठेवता येतं. बाकीचं बिशपांनी ठरवलेल्या कामाला जातं. व्यापार तर नकोच, पण व्यापाराचा वाससुद्धा येऊ नये, अशी या कायद्याची भूमिका आहे. तिच्यामागे इतिहासाचा चटका आहे. पापदंडाच्या माफीपत्रांसाठी पैसे गोळा करत फिरणाऱ्यांवरून १५१७ मध्ये मार्टिन लूथरनी वाद पेटवला आणि युरोपातलं चर्च दुभंगलं. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये त्या वसुली करणाऱ्यांचं पदच रद्द करून टाकलं.

गैरसमज ४ : आठवडाभर पाप करावं, शनिवारी फादरच्या कानात सांगावं, खातं कोरं.

वस्तुस्थिती : फादरना सांगणं हा पापनिवेदनाच्या संस्काराचा एक भाग झाला. त्याआधी स्वतःची झडती घ्यायची, केल्याचं मनापासून वाईट वाटायला हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. आणि नंतर प्रायश्चित्त पुरं करायचं. पश्चात्तापच नसेल तर फादरनी मुक्तीचे शब्द उच्चारूनही क्षमा मिळत नाही, अशी चर्चची स्पष्ट शिकवण आहे. दुसऱ्याचं नुकसान केलं असेल तर ते शक्य तेवढं भरून द्यावं लागतं. चोरलेले पैसे परत करायला हवेत, कोणाची नाहक बदनामी केली असेल तर त्याचं नाव सावरायला हवं. या संस्कारासाठी पैसे घेतले जात नाहीत. आपल्याच धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमधल्या, फादरकडे जायला हवं असंही नाही. ओळखीच्या माणसापुढे जीभ रेटत नसेल तर शेजारच्या गावी जाण्याची मुभा आहे.

सिनेमातला फादर गुन्हेगाराचं बोलणं ऐकून अस्वस्थ होतो आणि कोणाला तरी सूचक इशारा देतो. खऱ्या फादरना तेवढीही मोकळीक नाही. पापनिवेदनात ऐकलेलं कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही प्रकारे उघड करता येत नाही. सांगणाऱ्याला तोटा होईल असा त्या माहितीचा वापरही करता येत नाही. जो जाणूनबुजून थेट गुपित फोडतो तो त्याच क्षणी चर्चबाहेर पडतो आणि ती शिक्षा फक्त रोम उठवू शकतं. जाळीच्या लाकडी खोलीचा पुरस्कार सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी केला, आणि तोही मर्यादा राखली जावी म्हणून. आज पुष्कळ लोक फादरसमोर खुर्चीत बसूनही पापनिवेदन करतात.

गैरसमज ५ : चर्च फादरचं, धर्मशिक्षण सिस्टरांचं; लोकांनी फक्त रविवारी हजर राहायचं.

वस्तुस्थिती : फादरांची काही वर्षांनी बदली होते, गाव तिथेच राहतं. धर्मग्रामाची मालमत्ता कायद्याने धर्मग्रामाची असते, फादरची नव्हे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असा नियम आहे आणि तिच्यात गावची माणसं बसतात. वाचन करणारे, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेणारे, वाडीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहाची बैठक भरवणारे हे सगळे नोकरी-शेती सांभाळून हे काम करतात. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांवरही बहुतेक ठिकाणी शिक्षिका, गृहिणी, कॉलेजची मुलं उभी असतात, बिनपगारी.

आणि हा वर्गसुद्धा दुय्यम आहे. मुलांना श्रद्धेचं शिक्षण देण्याची जबाबदारी सर्वांआधी आईवडिलांची, असं चर्चचा कायदा सांगतो. पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचं, वय पोप पायस दहावे यांनी १९१० मध्ये साधारण सात वर्षांवर आणलं, ते मुलाला तेवढं कळतं म्हणून. ते कळावं याची तयारी घरातून व्हायची असते. पांढरा फ्रॉक, फोटोग्राफर आणि हॉल महिनाभर आधी ठरवणाऱ्या, पण घरात संध्याकाळची प्रार्थना कधीच बंद पडलेल्या कुटुंबांना हे ऐकवलं की ती अवघडतात.

गैरसमज ६ : पोप कधीच चुकत नाहीत.

वस्तुस्थिती : १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अचूकतेला काटेकोर अटी घातल्या. साऱ्या चर्चचा गुरू या नात्याने, श्रद्धेच्या किंवा नीतीच्या बाबतीत, सर्वांना बंधनकारक म्हणून केलेली घोषणा, एवढ्यापुरतीच ती अचूकता आहे. तेव्हापासून असा अधिकार उघडपणे वापरला गेला तो १९५० मध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या घोषणेसाठी. पोपची मुलाखत, राजकीय मत किंवा नेमणूक यात बसत नाही.

गैरसमज ७ : चर्चमध्ये लग्न म्हणजे धर्मांतर आलंच, आणि जमलं नाही तर चर्च घटस्फोट देतं.

वस्तुस्थिती : कॅथलिक आणि बिगरख्रिस्ती यांचं लग्न बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये होऊ शकतं आणि दुसऱ्या जोडीदाराला धर्म बदलावा लागत नाही. आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना कॅथलिक वळण देण्यासाठी जमेल ते करण्याचं वचन फक्त कॅथलिक व्यक्तीकडून घेतात. दुसऱ्याला त्याची वेळेवर कल्पना देतात. प्रौढ माणसाला स्वतःहून स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) हवा असेल तरी तो अर्ज केल्याबरोबर होत नाही. आधी शिक्षण आणि तयारीचा काळ असतो, आणि सक्तीला तर कायद्यानेच बंदी आहे.

घटस्फोट चर्च देत नाही. चर्चचं न्यायमंडळ तपासतं ते हे, की लग्नाच्या दिवशी ते खरोखर झालं होतं का. संमती मोकळी होती का, काही लपवलं होतं का. ते खरोखर झालं नव्हतं असं आढळल्यास ते लग्न मुळातच अवैध होतं असा निवाडा देतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली. मात्र भारतात या निवाड्याने सरकारदरबारी लग्न मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केलंय. त्यासाठी दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागते. केवळ चर्चचा कागद हातात घेऊन दुसरं लग्न करणारा अडचणीत येऊ शकतो.

गैरसमज ८ : बिगरख्रिस्ती माणसाने मिस्साला जाऊ नये, गेलाच तर प्रसाद घ्यायलाच हवा, नाहीतर यजमानांचा अपमान.

वस्तुस्थिती : मिस्साला कोणीही जावं. सगळे उभे राहिले की उभं राहावं, गुडघे टेकायची सक्ती नाही. रांगेत मिळणारी ती पातळ पांढरी चकती मात्र घेऊ नये. ती बनते गव्हाचं पीठ आणि पाणी यांचीच, खमिराशिवाय. पण मिस्सात तिचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. देवळातल्या प्रसादासारखी ती सरसकट सगळ्यांना वाटण्यासाठी नसते. म्हणून लग्नाला किंवा अंत्यविधीला गेलेल्या पाहुण्याने कम्युनियनच्या वेळी जागेवर बसून राहावं आणि पुढच्याला बाकातून बाहेर पडायला वाट द्यावी. यात यजमानांना काही वावगं वाटत नाही. शिवाय त्या बाकावर पाहुणा एकटा बसलेला नसतो. ज्याच्या मनावर गंभीर पापाचं ओझं आहे त्या कॅथलिकानेही आधी पापनिवेदन करावं आणि मगच रांगेत लागावं, असा नियम आहे. मग तो अर्थसमितीवर असो, नाहीतर चर्चच्या बांधकामाला देणगी दिलेला असो.