गोळीचा रंग, पाण्याचा रंग
वसमतच्या हळदीच्या मोंढ्याजवळ वाढलेल्या पोराला हळद साबणानं लाल होते, हे शिकवावं लागत नाही. मी रसायनशास्त्र शिकवतो. प्रतिजैविकांची रंगचाचणी तिथूनच सुरू करतो. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी कुटून सौम्य आम्लात विरघळवायची, गाळायची, फेरिक क्लोराइडचे थेंब टाकायचे. लोह औषधाला धरतं, द्रावण केशरी-पिवळं होतं. फेरिक क्लोराइड मुळातच पिवळं, म्हणून औषध नसलेली नळी शेजारी हवीच. (पोरं हीच विसरतात.) रंग गडद, तर औषध जास्त, माहीत असलेल्या ताकदीच्या द्रावणांशी ताडून मोबाइलचा कॅमेराही तो मोजतो. फिका आला, तर बॅच नंबर लिहून अन्न व औषध प्रशासनाला कळवावं. दुकानदाराशी भांडू नये.

पाण्यात मिसळलेलं औषध ओळखण्याचं काम अवघड. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हैदराबादजवळच्या पाटणचेरूत, औषध कारखान्यांच्या ‘शुद्ध केलेल्या’ सांडपाण्यात लिटरमागं 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. एरवी नदीत ते याच्या हजारांश भागाहूनही कमी असतं. इतक्या कमी औषधाला लोहाची चाचणी चालत नाही. मग सोन्याचे नॅनोकण वापरतात: सुटे असताना लाल, औषधामुळं एकमेकांना चिकटले की निळे. पण पाण्यातल्या क्षारांनीही ते चिकटतात. आमच्याकडच्या जड बोअरच्या पाण्यात तर औषध नसतानाही निळं दिसू शकतं.